टीव्हीवर १०८०पी, डिस्कमध्ये ५७६ ओळी: ॲक्शन कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात अशी होते फसवणूक

हेल्मेटवर लावलेल्या ॲक्शन कॅमेऱ्याचं ५२ मिनिटांचं चित्रीकरण. आकार ३८४० × २१६० (म्हणजे फोर-के), सेकंदाला २९.९७ फ्रेम, कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) एच.२६४, बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारा डेटा) ६० मेगाबिट. कार्डावर मिळून २३.४ जीबी, प्रत्येकी चारेक जीबीच्या सहा फाइल्स. त्यातून ४० मिनिटांची फिल्म एडिट करून तिची ‘फोर-के दर्जाची ब्लू-रे’ बनवायचं काम एका व्यावसायिकाकडे दिलं गेलं. परत आल्या तीन वस्तू: वर सुबक अक्षरांत ‘ब्लू-रे’ छापलेली डिस्क, ‘फोर-के मास्टर’ नावाची एक फाइल असलेला पेन ड्राइव्ह, आणि ‘साफ करून ठेवलंय’ असं सांगून दिलेलं रिकामं कार्ड. पैसे जागेवरच चुकते झाले, कारण डिस्क टीव्हीवर लावून दाखवली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात १०८०पी असं स्वच्छ दिसत होतं.

घरी तपासल्यावर कळलं की डिस्क ही साधी डीव्हीडी आहे, पेन ड्राइव्हवरची फाइल नावापुरतीच फोर-के आहे आणि मूळ चित्रीकरण आता कुठेच उरलेलं नाही. यातली प्रत्येक गोष्ट पैसे देण्याआधी पाच मिनिटांत पकडता आली असती. कशी, ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी टीव्हीवरच्या त्या आकड्याबद्दल, कारण सगळा विश्वास त्याच्यावरच बसला. टीव्ही कोपऱ्यात जे दाखवतो ते प्लेअरकडून एचडीएमआय केबलमधून येणाऱ्या सिग्नलचं मोजमाप असतं. डिस्कवर काय आहे हे टीव्हीला कळत नाही. आजचा जवळपास प्रत्येक प्लेअर डीव्हीडीचं चित्र स्वतःच ताणून १०८०पी करून पाठवतो, काही तर २१६०पी करतात. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची डीव्हीडी लावली तरी तोच आकडा दिसेल. हा आकडा पुरावा म्हणून दाखवणं म्हणजे ग्राहकाच्या डोळ्यांत धूळ फेकणं आहे.

डीव्हीडी-व्हिडिओच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. किंवा ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. कोडेक एमपीईजी-२, चित्राचा बिटरेट जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट. त्यामुळे ‘फुल एचडी डीव्हीडी’ किंवा ‘फोर-के डीव्हीडी’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबावं. थोडा अपवाद एव्हीसीएचडी पद्धतीचा आहे. तिच्यात डीव्हीडीच्या कोऱ्या डिस्कवर एच.२६४ मधलं एचडी चित्र बसवता येतं, पण ती डिस्क ब्लू-रे प्लेअरवरच चालते.

डिस्क ओळखायची कशी? कॉम्प्युटरमध्ये टाकून फोल्डरची नावं बघा. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइल्स असतील तर ती डीव्हीडी आहे, वर काहीही छापलेलं असो. ब्लू-रेमध्ये ‘बीडीएमव्ही’ फोल्डर असतो, त्यात ‘स्ट्रीम’ आणि त्याच्या आत एम२टीएस फाइल्स. त्याहून सोपी खूण अशी: जी डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये किंवा डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते ती ब्लू-रे असूच शकत नाही. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. लाल लेझरला ब्लू-रेवरच्या बारीक खुणा दिसत नाहीत.

या प्रकरणातली डिस्क ७२० × ५७६ची निघाली, बिटरेट सुमारे ५ मेगाबिट. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, ५ मेगाबिटने होतात दीड जीबी. ४.७ जीबीची डिस्क दोनतृतीयांश रिकामी ठेवून दर्जा कापला होता. ९.८ मेगाबिटनेही तीन जीबीच्या आतच भरलं असतं. म्हणजे डीव्हीडी म्हणूनसुद्धा काम नीट केलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरमधलं तयार सेटिंग निवडून बटण दाबलं होतं.

ॲक्शन कॅमेऱ्याच्या चित्राला कमी बिटरेट इतका का झोंबतो, हे समजून घेणं गरजेचं आहे. एच.२६४ असो वा एमपीईजी-२, दोन्ही कोडेक आधीच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदललं तेवढंच साठवून जागा वाचवतात. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर मागची भिंत तशीच राहते आणि बिट वाचतात. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात असं काही स्थिर नसतं. भिंग रुंद, फोकस पक्का बांधलेला, त्यामुळे पायाखालच्या खडीपासून दूरच्या झाडापर्यंत सगळं रेखीव, आणि प्रत्येक फ्रेममध्ये सगळं हललेलं. बिट पुरले नाहीत की कोडेक आधी बारीक तपशील टाकून देतो: खडीचा चिखल होतो, पानांचा हिरवा लेप होतो, पाण्यावर चौकोन उमटतात. म्हणूनच नमुना बघायचा तर आकाश किंवा चेहरा बघू नये. खडी, पानं, पाण्याचे तुषार आणि वेगाने घेतलेलं वळण असलेला तीस सेकंदांचा तुकडा स्वतः निवडून द्यावा, तो अंतिम सेटिंगमध्ये करून मागावा आणि तो पटल्यावरच पुढचं काम सोपवावं.

हालचालीचंही वाटोळं झालं होतं. मूळ २९.९७ फ्रेमचं चित्रीकरण २५मध्ये कोंबायचं तर दर सेकंदाला पाच फ्रेम टाकाव्या लागतात, किंवा शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळाव्या लागतात. टाकल्या तर वळताना चित्र अडखळतं, मिसळल्या तर कडांना भुतासारख्या दुहेरी सावल्या येतात. डीव्हीडी करायचीच होती तर ४८० ओळींची, २९.९७ फ्रेमची केली असती तरी हालचाल शाबूत राहिली असती. पुढे २५ किंवा ५० फ्रेमचीच डिस्क हवी असेल तर कॅमेऱ्यातला एनटीएससी–पाल (३०-६० की २५-५० फ्रेम) हा पर्याय चित्रीकरणाआधीच बदलावा. नंतर कुणीही, कितीही पैसे घेऊन केलं तरी ते परिवर्तन स्वच्छ होत नाही.

आता पेन ड्राइव्हवरची फाइल. ही फसवणूक जास्त खोल आहे, कारण मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर सगळं ठीक दिसतं: ३८४० × २१६०, ५० मेगाबिट. पण आकार आणि बिटरेट हे डब्याचं माप झालं, आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. तपासायची पद्धत अशी. भरपूर बारकावे असलेली एक फ्रेम पीएनजी म्हणून काढा. फोटो एडिटरमध्ये ती १९२० × १०८०पर्यंत लहान करा, मग परत ३८४० × २१६०पर्यंत मोठी करा, आणि मूळ फ्रेमशी शंभर टक्के झूमवर ताडून बघा. खऱ्या फोर-केमध्ये गवताची पाती आणि खडीचे कण स्पष्टपणे पुसट होतात. काहीच फरक पडला नाही तर ते चित्र मुळातच लहान होतं आणि ताणून मोठं केलेलं आहे. इथे फ्रेम ८४८ × ४८०पर्यंत लहान करूनही काही हरवलं नाही.

नेमक्या अशाच लहान फाइल्स गोप्रोसारखे कॅमेरे मुख्य फाइलसोबत कार्डावर लिहितात. त्यांचं एक्स्टेन्शन एलआरव्ही असतं आणि त्या फोनवर झटपट बघण्यासाठी असतात. एडिटिंगमध्येही अशा हलक्या फाइल्स प्रॉक्सी म्हणून वापरणं गैर नाही. फोर-के फाइल कॉम्प्युटरला जड जाते, म्हणून काम प्रॉक्सीवर करतात आणि एक्स्पोर्टच्या आधी मूळ फाइल्स पुन्हा जोडतात. ही शेवटची पायरी गाळली की ४८० ओळींचं चित्र २१६०च्या चौकटीत ताणलं जातं. वरून शार्पनेस चढवला की पहिल्या नजरेला ते कडक वाटतं, पण कडांभोवती पांढऱ्या रेघा दिसतात आणि आत पोत नसतो.

रंगांची एक खूण आम्हाला नेहमी महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. गोप्रोच्या आठ बिटच्या फाइल्समध्ये उजळपणा ० ते २५५ अशा पूर्ण पट्ट्यात असतो, तर डिस्कवरच्या व्हिडिओत तो १६ ते २३५ असावा लागतो. सॉफ्टवेअरने नीट आकुंचन केलं नाही तर दोन्ही टोकं कापली जातात: ढग आणि बर्फ सपाट पांढरे, झाडाखालची सावली सपाट काळी. काम करणारा म्हणतो ‘कॅमेराच तसा आहे’. तसं नसतं. मूळ फाइलमध्ये ढगांचे थर दिसत असतील तर डिस्कवरही दिसायला हवेत.

हे काम सरळ कसं झालं असतं? कार्डावरचा संपूर्ण डीसीआयएम फोल्डर (कॅमेरा चित्रीकरण यातच ठेवतो) जसाच्या तसा दोन ठिकाणी कॉपी करायचा आणि दोन्हीकडच्या फाइल्सचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवायचा. कॅमेऱ्याने केलेले तुकडे क्रमाने जोडायचे. नव्या गोप्रोत फाइलच्या नावातले पहिले दोन अंक तुकड्याचे आणि शेवटचे चार क्लिपचे असतात. नावानुसार लावलं की सगळ्या क्लिपचे पहिले तुकडे एकत्र येतात आणि क्रम बिघडतो. नुसतं जोडायला किंवा कापायला पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. लॉसलेसकट किंवा एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या कॉपी पद्धतीने बिट न् बिट तसाच राहतो, फक्त काप की-फ्रेमवर (पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) पडतो. रंग, संक्रमणं, शीर्षकं घालायची असतील तर टाइमलाइन मूळ आकाराची आणि मूळ फ्रेमरेटची ठेवायची, आणि मधली फाइल काढावीच लागली तर ती प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर एचक्यू या एडिटिंगसाठीच्या, कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये. १०८० ओळी, २९.९७ फ्रेमला प्रोरेस ४२२ सुमारे १४७ मेगाबिट घेतं. फाइल अवाढव्य होते, पण दर्जा टिकतो. मोबाइल ॲपमधून एक्स्पोर्ट, मग मेसेजिंग ॲपवरून पाठवणं, मग एडिटरमधून एक्स्पोर्ट, मग डिस्कसाठी पुन्हा एन्कोड असे चार फेरे झाले की कुठलाही बिटरेट चित्राला वाचवू शकत नाही. मास्टरवरून डिस्कसाठी एकदाच एन्कोड, एवढंच पुरे.

साध्या ब्लू-रेवर चित्र १९२० × १०८०च बसतं, फोर-के नाही. हे न सांगता ‘फोर-के दर्जाची ब्लू-रे’ विकणं हीच पहिली थाप होती. अल्ट्रा एचडी ब्लू-रे वेगळी असते, आणि घरी बर्न केलेली तशी डिस्क सगळ्या प्लेअरवर चालेल याचा भरवसा देता येत नाही. ब्लू-रेवर चित्राचा बिटरेट ४० मेगाबिटपर्यंत नेता येतो. ४० मिनिटांना ३५ मेगाबिट दिले तर साडेदहा जीबी होतात, २५ जीबीची डिस्क अर्धीही भरत नाही. तेव्हा ‘जागा नव्हती’ हे कारण ऐकूनच घेऊ नये. चित्रीकरण १०८०पी, ६० फ्रेमचं असेल तर मूळ ब्लू-रे प्रमाणात ते थेट बसत नाही. ७२०पी ६० फ्रेम किंवा १०८०आय (यात एकाआड एक ओळी आळीपाळीने दाखवतात) यातून निवडावं लागतं. वेगवान दृश्यांसाठी आम्ही ७२०पी घेऊ.

बर्न करताना आधी आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची एक फाइल), मग मध्यम वेग, शेवटी व्हेरिफाय. कागदी स्टिकर चिकटवू नये. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बिघाड बहुधा बाहेरच्या काठाला सुरू होतो, म्हणून काठोकाठ भरू नये. या ग्राहकाचं २३.४ जीबी मूळ चित्रीकरण २५ जीबीच्या एका कोऱ्या ब्लू-रेवर डेटा म्हणून मावलं असतं. आम्ही दोन डिस्क वापरल्या असत्या. डेटा डिस्कवर एकही बिट बदलत नाही, आणि जायरोची (कॅमेरा कसा हलला याची) नोंदही टिकते. एडिट करून एक्स्पोर्ट केलं की ती बहुतेक वेळा गळून पडते आणि जायरोफ्लोसारख्या सॉफ्टवेअरने नंतर स्थिरीकरण करता येत नाही.

मूळ फाइल्स हाच या व्यवहारातला खरा ऐवज आहे. कार्ड देऊ नका, कॉपी द्या. काम ठरवताना लेखी घ्या: डिस्कचा प्रकार, चित्राचा आकार, फ्रेमरेट, कोडेक, सरासरी बिटरेट, मास्टर फाइल मिळणार की नाही. घेताना डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडा. फसवणूक लक्षात आली तर डिस्क परत देऊ नका, मीडियाइन्फोचा अहवाल मजकूर म्हणून साठवा आणि दुरुस्ती मूळ फाइल्सवरूनच मागा. डीव्हीडीवरून ‘ब्लू-रे करून देतो’ म्हणणारा माणूस पुन्हा फसवतोय.

आणि कार्ड पुसलेलं परत आलं असेल तर त्यात एक सेकंदही नवं चित्रीकरण करू नका. ते कॅमेऱ्यात घालू नका, आधी त्याची संपूर्ण प्रतिमा (अख्ख्या कार्डाची बिट न् बिट तशीच फाइल) काढून घ्या आणि शोधाशोध त्या प्रतिमेवरच करा. गोप्रो मुख्य फाइल आणि एलआरव्ही एकाच वेळी लिहितो, त्यामुळे कार्डावर दोन्हींचे तुकडे एकमेकांत गुंफलेले असतात. साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला सलग डेटा अपेक्षित असतो, म्हणून त्यातून निघालेली फाइल बऱ्याचदा उघडतच नाही. फाइल उघडली नाही म्हणून डेटा गेला असं समजून कार्ड फॉरमॅट करू नका. ॲक्शन कॅमेऱ्याचे गुंफलेले तुकडे जुळवणारी खास साधनं आहेत, आणि ती वापरणाऱ्याकडे कार्ड नाही, प्रतिमेची कॉपी द्या.