फ्लॅश ब्रॅकेटचे नऊ महिने: कौलारू घरांत, देवळांत आणि माटोळीपुढे

आषाढाच्या अखेरीस मी कॅमेऱ्यासाठी फिरत्या भुजेचा एक फ्लॅश ब्रॅकेट, म्हणजे फ्लॅशला कॅमेऱ्यापासून वर उचलून धरणारी चौकट, घेतला. आता चैत्र चालू आहे. मधल्या काळात चवथ (गणेशचतुर्थी), तुळशीचे लग्न, दोन मुंजी आणि नात्यातली चार लग्ने झाली, आणि या सगळ्या ठिकाणी मी तो वापरला, त्यामुळे आता त्याच्याविषयी विश्वासाने काही लिहिता येईल असे वाटते.

मुळात ब्रॅकेटची गरज मला आपल्या घरांमुळे जाणवली. फ्लॅशचे डोके वर वळवावे, पांढऱ्या छतावर प्रकाश मारावा आणि तो मऊ होऊन खाली येऊ द्यावा, हा सल्ला सिमेंटच्या सदनिकेत अगदी योग्य आहे. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरात मात्र वर कौले, वासे आणि वर्षानुवर्षांच्या धुराने काळवंडलेले लाकूड आहे. तिथे वर गेलेला प्रकाश परत येत नाही. देवळांच्या सभामंडपात छत असले तरी ते उंच असते आणि लाकडी किंवा रंगवलेले असल्यास त्याचा रंग चेहऱ्यांवर उतरतो. अशा जागी फ्लॅश थेट माणसांकडेच रोखावा लागतो, आणि एकदा तो थेट रोखला की तो भिंगाच्या नेमका कोणत्या बाजूला आहे यावर छायाचित्राचे बरेचसे रूप ठरते.

कॅमेरा आडवा असताना हॉट शूवरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत बसवलेला, फ्लॅश भिंगाच्या वरच असतो. उभे छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरा वळवला की फ्लॅश बाजूला जातो, आणि नवरीच्या कानामागून तिच्या डोक्याची काळी, कडक सावली शेजारच्या भिंतीवर उमटते. फिरता ब्रॅकेट नेमके हेच टाळतो: कॅमेरा उभा असो वा आडवा, भुजा वळवून फ्लॅश भिंगाच्या सरळ वर ठेवता येतो, त्यामुळे सावली माणसाच्या मागे खाली पडते आणि बहुतेक वेळा खांद्याआड लपते. या एका कामासाठी मी त्याला पूर्ण गुण देते.

तांबड्या डोळ्यांच्या बाबतीत माझी अपेक्षा अधिक होती. फ्लॅश आणि भिंग यांच्यातला कोन लहान असला की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतलेला तांबडा प्रकाश थेट भिंगात शिरतो. माझ्या ब्रॅकेटवर फ्लॅश भिंगाच्या २५ सेंटिमीटर वर बसतो. २ मीटरवरच्या माणसासाठी हा कोन सुमारे ७ अंशांचा होतो, पण ५ मीटरवर तो ३ अंशांच्याही खाली येतो. म्हणूनच मुंजीत बटूजवळ बसलेल्यांचे डोळे नीट आले आणि मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलांचे तांबडे झाले. चष्म्याच्या काचेवरची चमकही जवळून घेतलेल्या चित्रांत कमी होते, मात्र समोरच्याने मान वर केली की ती परत दिसते. वडीलधाऱ्यांना ‘काका, हनुवटी जरा खाली घ्या’ एवढे सांगितले की पुरते.

ब्रॅकेटमुळे प्रकाश मऊ होतो, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. मी पहिले दोन महिने ती बाळगून होते. फ्लॅशचा पृष्ठभाग तेवढाच राहतो, म्हणून सावलीची कडही तेवढीच धारदार राहते. बदलते ती फक्त सावलीची जागा. पावसाळ्यातल्या रिकाम्या संध्याकाळी सोप्यातल्या चुना लावलेल्या भिंतीपुढे पितळी कळशी ठेवून, १, २ आणि ४ मीटरवरून छायाचित्रे घेतली, तेव्हा हे डोळ्यांना पटले. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो, हे वाचून माहीत असते. कळशीवर ते दिसले की हात आपोआप योग्य चकती फिरवतो.

सर्वांत मोठा फटका मला जोडतारेने दिला. फ्लॅश हॉट शूवरून उतरला की त्याला कॅमेऱ्याशी कॉर्डने जोडावे लागते, आणि ब्रॅकेटसोबत आलेल्या कॉर्डने फ्लॅश पेटत असल्यामुळे ती ठीक आहे असेच मी धरून चालले. एका लग्नात सप्तपदीची सगळी छायाचित्रे पांढरीफटक आली. फोंड्यातल्या एका जुन्या छायाचित्रकारांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी कॉर्डचे टोक उलटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘बाय, ही कॉर्ड बदल. हिला मधला एकच संपर्कबिंदू आहे.’ त्या एका बिंदूतून फक्त पेटण्याचा इशारा जातो. प्रकाश किती द्यायचा याचा टीटीएल संवाद, म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश मोजून कॅमेऱ्याने फ्लॅशला दिलेली सूचना, बाकीच्या बिंदूंतून होतो. माझा फ्लॅश त्या दिवशी हाताने ठरवलेल्या पूर्ण शक्तीवर राहिला होता. त्या नवरीची ती सात पावले मला परत मिळणार नाहीत, याचे वाईट वाटते. ब्रॅकेट घेताना कॉर्ड आपल्याच कॅमेऱ्याच्या जातीची आहे ना, हे दुकानातच तपासावे.

चवथीला ब्रॅकेट उपयोगी पडला नाही, पण कॉर्ड पडली. गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीत नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, कांगलां असे कितीतरी काही लोंबत असते, आणि फ्लॅश जितका उंच तितक्या त्या फळांच्या सावल्या खाली, थेट मुकुटावर उतरतात. शेवटी मी फ्लॅश भुजेवरून काढला आणि डाव्या हातात मूर्तीच्या डोळ्यांच्या पातळीला धरला. तेव्हा सावल्या भिंतीवर वर सरकून माटोळीच्याच मागे गेल्या. समईची ज्योत राखण्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, शटर १/३० सेकंद आणि फ्लॅश दीड थांब्याने (स्टॉपने; एक थांबा कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी, एवढे मला पुरले. फ्लॅशवर हलका नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावला की त्याचा निळसर प्रकाश समईच्या पिवळ्या उजेडात मिसळतो.

पेडणे तालुक्यात दशावतारी काला पाहायला गेले, तेव्हा प्रयोग चालू असताना फ्लॅश पेटवला नाही आणि कोणी पेटवू नये असे मला वाटते. रंगपटात, परवानगी घेऊन, तोंडाला रंग लावणाऱ्या कलाकाराची दोन उभी छायाचित्रे मात्र ब्रॅकेटवर फार सुरेख आली.

वजनाची गोष्ट उघड सांगितली पाहिजे. कॅमेरा, भिंग, चार सेल घातलेला फ्लॅश आणि ब्रॅकेट मिळून जवळपास दोन किलो होतात, आणि सगळा भार डाव्या मनगटावर येतो. दोन तासांनंतर माझा हात थरथरतो. कॅमेरा धरणारा तळाचा स्क्रू वळवता वळवता सैल होतो, म्हणून मी त्याखाली रबराची पातळ चकती घातली आहे. खाऱ्या, दमट हवेने संपर्कबिंदूंवर काळसर थर धरतो. तो मी महिन्यातून एकदा कोरड्या सुती कापडाने पुसते. पावसाळ्यात सेल काढून फ्लॅश आणि कॉर्ड सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवते. भुजेच्या सांध्याला मात्र गंज लागायला सुरुवात झाली आहे, आणि बदली सांधा वेगळा मिळत नाही असे विक्रेत्याने सांगितले.