हॉलचं गेस्ट वायफाय आणि गेलेले 88,500 रुपये

बँकेत 34 वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, आणि रिटायर झाल्यावर एका वायफायवाल्याने मला असा गुंडाळला की लिहितानाही कान गरम होतायत. तरी लिहितोय, कारण तोच माणूस आमच्या सिंहगड रोडवर आणखी दोन सोसायट्यांत कोटेशन देऊन आलाय.

काम साधं होतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बारशी-साखरपुडे होतात. पाहुण्यांना नेट मिळावं, पण ऑफिसचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्यांना दिसू नये. बिल असं: मॅनेज्ड स्विच 14,500, तीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) 33,000, 'व्हीलॅन लायसन्स' 18,000, मजुरी 9,500, वर जीएसटी 13,500. व्हीलॅन म्हणजे पाहुण्यांचं आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवणारी, मॅनेज्ड स्विचमधलीच सेटिंग. असल्या कामाला तिचं कसलं आलंय लायसन्स! पण तेव्हा मी मान डोलावली. 50,000 ॲडव्हान्स दिला.

पहिल्याच बारशाला बाळाच्या मामाने गेस्ट वायफायवरून, मोबाइलमधून, पाळण्याचे शब्द छापले. कुठे? ऑफिसच्या प्रिंटरवर! कागद गरमगरम बाहेर आला आणि मी म्हणालो, "वा, ही पण सोय आहे का!" त्याच संध्याकाळी उरलेल्या 38,500 चा चेक फाडला. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. फेकवत नाही.

दोन महिन्यांनी सी विंगमधल्या अकरावीच्या पोराने हॉलमध्ये बसून गेटचा कॅमेरा मोबाइलवर लावून दाखवला. "पासवर्ड ॲडमिनच आहे, काका." पेटी उघडली तर आत साधा आठ पोर्टचा, व्हीलॅन न जमणारा स्विच, आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून घरगुती राउटर. नावं दोन, नेटवर्क एकच. पैसे देण्याआधी गेस्टवर राहून ऑफिसच्या राउटरचा पत्ता, बऱ्याच ठिकाणी 192.168.1.1, टाकून बघा. पान उघडलं तर चेकबुक बंद.

मला दोष देणाऱ्यांनी एवढं सांगावं, सेक्रेटरी व्हायला त्यांच्यापैकी कोण पुढे आलं होतं? बाकीची दोन कोटेशनंही यानेच आणून दिली होती, हे मात्र कबूल. ती तुम्ही स्वतः मागवा.

पोलीस चौकीत विचारलं, "वायफाय चालतंय ना? मग फसवणूक कसली?" दिवाणी बाब, कोर्टात जा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, हा ऑनलाइन फ्रॉड नाही, चौकीत जा. 1915 वर ग्राहक तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पंधरा दिवसांनी 'निकाली' असा मेसेज आला. काय निकाली? उपनिबंधक कार्यालयात तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, तर म्हणे कमिटीने आधी चौकशी करायला हवी होती. चौकशी! त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी आमच्या बिलाच्या आधीच रद्द. दोन मिनिटांचं काम, फुकट. तेवढं करा. आणि ॲडमिन पासवर्ड लेखी घ्या; आम्हाला पिन खुपसून राउटर रिसेट करावे लागले.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. हा विषय अजेंड्यावर मीच लिहून दिलाय, सहाव्या नंबरला, लिफ्टच्या खाली.