आईला कुठे ठेवू: गल्लीत की कॉलनीत?

धुळ्यात एकट्या आईसाठी घर बघायचं तर आमच्यासारख्यांपुढे दोनच जागा येतात. एक जुन्या गावातली, नंबराने ओळखली जाणारी गल्ली, दुसरी देवपूरच्या पुढची प्लॉटवरची नवी कॉलनी.

कॉलनीत हवा, शांतता, अंगण. गल्लीत डास, फटफट्यांचा धूर, रात्री अकरापर्यंत गलका. मीही आईला कॉलनीतच नेलं होतं.

गल्लीत ती सकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. जाणारी-येणारी "जिजी, जेवनी का व?" विचारायची, उत्तराला थांबायचीही नाही. उन्हाळ्यात समोरच्या गच्चीवर बिबड्या घालायला हिला हमखास बोलावणं. हात चालत नव्हते, तर कावळे हाकायला. कॉलनीत दूध फाटकाशी, भाजी फोनवर. दिवसभर तोंड उघडायचं कारणच उरलं नाही.

ही नुसती करमणुकीची गोष्ट नाही. 2010 साली 148 अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसं, एकत्र तपासली गेली. ज्यांचे लोकांशी संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. 1995 च्या जुलैत शिकागोत उष्म्याने सातशेवर माणसं गेली. तिथल्या दोन शेजारच्या वस्त्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल: गरिबी आणि एकटे म्हातारे दोन्हीकडे जवळपास सारखेच, पण पहिलीत मृत्यूचं प्रमाण दहापट. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांना एकीकडे ओस प्लॉट, बंद दुकानं आणि बाहेर पडायची धास्ती दिसली. दुसरीकडे गजबजलेला रस्ता, म्हातारेही दुकानापर्यंत जाणारे. मे महिन्यात आपला पारा 43-44 ला टेकतो, तेव्हा मला हेच आठवतं.

पण गल्लीचे गोडवे गाताना जपून. गुडघे गेलेल्याला माडीवरची खोली म्हणजे कोंडवाडाच. त्यापेक्षा कॉलनीतला तळमजला बरा. दमा असेल तरी तेच. आणि नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई गल्लीच्या चौकश्यांनीच दार लावून घेते, हेही पाहिलंय.

आईचे पाय धड होते. सहा महिन्यांनी तिला परत गल्लीत आणलं, तळमजल्यावर.

कॉलनीच घ्यायची असेल तर किराणा चालत पाच मिनिटांवर हवा, वाटेत सावली हवी. जागा बघायला रविवारी जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच माणसं दिसतात. मधल्या वारी संध्याकाळी सहाला जा आणि किती फाटकांबाहेर खुर्ची टाकलेली आहे ते मोजा.