मणके जोडण्याची शस्त्रक्रिया : नागपूरच्या एका खासगी रुग्णालयातील अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या गावाहून बाबांना या रुग्णालयात नेले, त्याला आता दहा महिने झाले. त्यांना कंबरेपेक्षा पायाच्या कळांचा त्रास अधिक होता. शंभर पावले चालले की धुऱ्यावर बसावे लागे. कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकून नस दाबली गेल्याचे एमआरआयमध्ये दिसले, आणि सहा महिने औषधे व व्यायाम करूनही फरक न पडल्यामुळे डॉक्टरांनी ते दोन मणके जोडण्याचा सल्ला दिला.

समजावून सांगण्यात हे डॉक्टर कसर ठेवत नाहीत. टायटॅनियमचे चार स्क्रू व दोन सळ्या मणके केवळ धरून ठेवतात. खरा जोड तेथे भरलेल्या हाडाच्या तुकड्यांतून सहा महिने ते वर्षभरात धरतो, आणि तंबाखूमुळे तो कच्चा राहू शकतो, हे त्यांनी मणक्यांची प्रतिकृती हातात घेऊन सांगितले. बाबांचा खर्रा सुटेपर्यंत त्यांनी शस्त्रक्रियेची तारीखच दिली नाही. आईला तीस वर्षांत जे साधले नाही, ते या अटीने साधले.

दुसऱ्या दिवशी बाबांना चालवले आणि पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. पायाची कळ गेली. कंबर अजून अधूनमधून दुखते, पण तशी कल्पना आधीच दिली होती.

तक्रार आहे ती सुट्टीच्या कागदाबद्दल. ‘वाकू नका, जमिनीवर बसू नका, जड उचलू नका’ एवढेच त्यावर लिहिलेले. घरी कमोड आहे का, हे कोणीही विचारले नाही, आणि आर्वीहून कमोडची खुर्ची येईपर्यंत बाबांचे दोन दिवस फार हाल झाले. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर कधी घेता येईल, या प्रश्नाला शिकाऊ डॉक्टरांनी ‘तीन महिन्यांनी’ असे उत्तर दिले, तर पुढच्या तपासणीत मोठ्या डॉक्टरांनी तो कधीच घेऊ नका असे बजावले. स्क्रूंची किंमतही बिल हाती आल्यावरच कळली.

तरीही मी शेजारच्या काकांना तेथेच नेले. त्यांची फक्त कंबर दुखत होती, मणका सरकलेला नव्हता, नसही दबलेली नव्हती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे नावही न काढता व्यायाम शिकवून त्यांना परत पाठवले.