दहा महिने उजळाईवाडीहून विमानप्रवास: ‘सिस्टीम डाऊन’ झाली की काय होतं

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. पंपांची कास्टिंग कोइमतूरला जातात, त्यामुळं गेले दहा महिने महिन्यातून एकदा उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून हैदराबाद आणि तिथून पुढं, असा एकाच तिकिटावर प्रवास करतोय. पूर्वी मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस धरायची, बेंगळुरूला उतरून पुढची गाडी बघायची. आता घरातनं निघालं की त्याच दिवशी गिऱ्हाईकाच्या दारात. ही फार मोठी सोय आहे. आठ फेऱ्या बिनतक्रार झाल्या.

लिहायचंय ते उरलेल्या दोन फेऱ्यांबद्दल. दोन्ही वेळा आभाळ निरभ्र होतं. बंद पडली होती ती विमान कंपनीची संगणक यंत्रणा.

पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं कोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा मारल्या. नाव, पीएनआर, सीट, बॅगेचं वजन असे रकाने पाडले आणि सत्तरेक माणसांची नोंद हातानं केली. एकदाही आवाज चढवला नाही. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण सगळे आत बसले तरी विमान हलेना. माणसं किती, बॅगा किती, कुठल्या भागात किती वजन, याचा हिशेब म्हणजे लोडशीट. ते कॅप्टनच्या हातात पडल्याशिवाय विमान सुटत नाही, आणि एरवी तेही संगणकच करतो.

माझ्या बॅगेत इंपेलरचं, म्हणजे पंपात पाणी ढकलणाऱ्या चाकाचं, अकरा किलोचं सॅम्पल होतं. हातानं लिहिलेल्या टॅगवर बारकोड नसतो, त्यामुळं पुढं मशीनला ती बॅग ओळखता येत नाही, माणसानं वेगळी काढावी लागते. ती काढायची राहिली. मी कोइमतूरला, सॅम्पल हैदराबादला. गिऱ्हाईकाची क्वालिटीची माणसं दिवसभर खोळंबली.

दुसऱ्या वेळी विमान रद्दच झालं. मुंबईत एक विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळायची आशा असते. आपल्याकडं तिकडून आलेलंच विमान परत जातं. ते आलं नाही की थेट उद्या. माझ्या शेजारी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक आजी होत्या. “बाळा, विमान गेलं का यायचंय अजून?” असं त्यांनी तीनदा विचारलं. आणि माझ्या मोबाईलवर ॲप ‘वेळेवर’ असंच दाखवत होतं, सुटायची वेळ टळून गेल्यावरसुद्धा! बिघाड मी समजू शकतो, आमचीही भट्टी बंद पडते. पण भट्टी बंद पडली की आम्ही गिऱ्हाईकाला आधी फोन करतो.

हा प्रश्न एका कंपनीचा नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा भारतातही हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीची जवळपास १७ हजार उड्डाणं रद्द झाली. सुरुवात हिमवादळानं झाली होती, पण कुठला पायलट कुठल्या गावात अडकलाय याचा मेळ त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला घालता येईना. म्हणून स्क्रीन परत चालू झाली म्हणजे सुटलो, असं समजू नका. खोळंबा त्यानंतरही चालतो.

आता माझी पद्धत अशी. तिकिटाची छापील प्रत खिशात, चेक-इन आदल्या दिवशी, बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर कधीच घेत नाही, कारण एकाच तिकिटावर असलं तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियमही माहीत असू द्या: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं, आणि सहा तासांवर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. त्या दुसऱ्या वेळी मी शांतपणे मागितलं, आजींनाही चहा-नाश्ता मिळाला.

या विमानसेवेला माझे गुण पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण त्या ॲपसाठी.

पुढची फेरी २२ तारखेला. सॅम्पल मात्र चार दिवस आधीच ट्रान्सपोर्टनं पाठवतोय.