एअर सीटचा दहा महिन्यांचा अनुभव (बॅगेला दिलेला दोष मागे घेतोय)

(सुरुवातीचा भाग आठव्या महिन्यात लिहिलेला, तसाच ठेवलाय.) ट्रकला एअर सस्पेन्शनची ड्रायव्हर सीट बसवून आठ महिने झाले. ही सीट खालच्या रबरी हवेच्या बॅगेवर बसते, बटणाने बॅगेत हवा भरली की वर, सोडली की खाली, बाकी त्यात जात नाही. आधीच्या स्प्रिंगच्या सीटवर सहा तास चालवलं की उतरताना दरवाजा धरून उभं राहायला लागायचं, ते पूर्ण थांबलं, खड्डा आता पायाला कळतो कमरेला नाही. एवढ्यासाठी मी पाच स्टार दिले असते.

पण सहाव्या महिन्यापासून सीट खाली बसायला लागली. निघताना आरसे नीट लावायचे आणि तासाभरात आरशात रस्त्याऐवजी आकाश दिसायला लागायचं, तेव्हा कळायचं की आपण चार बोटं खाली आलोय. परत बटण दाबून हवा भरायची, परत तेच. मागून गाडी येतेय की नाही हे बघायला मान वर करायची म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच कळेल.

सर्व्हिसला नेली. त्यांनी सीट पूर्ण वर करून साबणाचं पाणी मारलं, एक फुगा नाही. तरी म्हणाले बॅग गेली, आणि रबरी पार्ट वॉरंटीत बसत नाही. पदरचे पैसे घालून बॅग बदलली. दोन दिवस मस्त, तिसऱ्या दिवशी आकाश. परत गेलो तर म्हणाले हवा भरायचा-सोडायचा व्हॉल्व्ह असेल, नाहीतर पूर्ण सीटच बदला. अहो, गादी नवीन आहे, सांगाडा नवीन आहे, शॉकअब्सॉर्बरमधून तेलाचा थेंब नाही, आणि कुठून तरी हवा जातेय म्हणून पूर्ण सीट बदलायची? मी नाही म्हणालो आणि गाडी घेऊन निघालो. बॅग हलकी देतात, एक स्टार, असं इथपर्यंत रागात लिहून ठेवलं होतं.

आता दहा महिने झालेत आणि बॅगेबद्दल लिहिलेलं मागे घेतो. बॅग चांगली होती, पहिलीही चांगलीच होती.

झालं असं, की एका सुट्टीच्या दिवशी जोडीदाराला घेऊन स्वतः बसलो. पार्किंग ब्रेक लावला, चाकाला उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावल्या, हवेची टाकी फुल भरून इंजिन बंद केलं. आधी हे समजून घ्या की गळती व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला असेल तर सीट खाली येत नाही, नुसता टाकीचा काटा पडतो आणि कॉम्प्रेसर सारखा चालू होतो. व्हॉल्व्हच्या पलीकडे, म्हणजे बॅगेच्या बाजूला असेल तर सीट बसते. हे बटणाच्या सीटचं झालं. ज्यांची सीट आपोआप उंची धरते त्यांची चालताना भरत राहते, म्हणून तिथं गळती रात्री गाडी उभी राहिल्यावर कळते. माझी सीट बसत होती म्हणजे बॅग, बॅगेकडे जाणारी नळी नाहीतर व्हॉल्व्हच, एवढंच उरलं. व्हॉल्व्हच्या हवा सोडायच्या भोकावर साबणाचा फेस धरला, हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्हही निर्दोष सुटला.

मग जोडीदाराला सीटवर बसवला आणि उंची निम्म्यावर आणली. हे सर्व्हिसवाल्यांनी केलंच नव्हतं! टॉर्च लावून बघतो तर बॅगेच्या एल्बोपाशी (वाकडा जोड), जिथं ६ मिमीची नळी नुसती दाबून बसवतात तिथं, नळी धरून ठेवणाऱ्या कॉलरच्या एकाच बाजूने बारीक फेस फुलत होता. जोडीदार उतरला, सीट वर गेली, फेस बंद. परत बसला, परत चालू. सीट खाली आली की सीटखालचा कात्रीसारखा मिटणारा सांगाडा नळीला ओढत होता, कारण नळी मुळातच आखूड दिलेली आणि एल्बोच्या अगदी जवळ केबल टायने आवळलेली. नळी तिरकी ओढली गेली की आतली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) एका बाजूने दाब सोडते. बॅग बदलताना नळी काढून घातली गेली, म्हणून ते दोन दिवस बरे गेले.

हवा सोडली, कात्रीत लाकडी ठोकळा घातला (हा घातल्याशिवाय सीटखाली हात घालू नका, बोटं राहणार नाहीत), कॉलर दाबून नळी ओढली. टोक पकडीने तिरकं कापलेलं आणि अंगावर उभे ओरखडे. कापून परत बसवली असती तर अजून आखूड झाली असती, म्हणून त्याच जाडीची नवीन नळी घेतली, वीतभर जास्त. नळीच्या कटरने सरळ कापली, तळाला लागेपर्यंत दाबली, उलटी ओढून खात्री केली आणि टाय लांब, सैल वळसा ठेवून लावला. ओरखडे असतील तिथं टेप, डिंक काही उपयोगाचं नाही, टेफ्लॉन टेप फक्त आट्यांच्या जोडाला. आणि तपासताना नळी पकडीने दाबून बंद करू नका, घडी पडली की पुढं तिथंच चिरते.

एवढ्याशा नळीसाठी दोन महिने आणि एक बॅग गेली याचा राग अजून आहे. बनवणाऱ्याने वीतभर नळी वाचवली, म्हणून एक स्टार कापतोच, बाकी चार मनापासून. नवीन सीट बसवून घेत असाल तर तिथंच तळापर्यंत खाली करायला लावा आणि वाकून बघा नळी ताणली जाते का. माझ्या सीटच्या पायाला खडूने खूण केलीय, सहा आठवडे झाले, उंची हललेली नाही. थंडीत रबर कडक होतं आणि सकाळी सकाळी अशी जोडणी परत गळू शकते, तेव्हा काय होतंय ते बघून इथंच खाली लिहीन.