घरी येऊन नेत्रदान करून घेणारं पथक : रत्नागिरीतला आमचा अनुभव

सेवेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

मिरकरवाड्याच्या मासळी बंदराजवळ आमची बर्फाची फॅक्टरी आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी चालवतो. गेल्या जुलैत आई गेली. मासेमारी बंदीचे दिवस होते, बोटी ओढून ठेवलेल्या, कॉम्प्रेसर बंद, त्यामुळे मी घरीच होतो. पहाटे साडेतीनला वहिनीने हाक मारली तेव्हा आईचे पाय गार लागले. वय ८१, झोपेतच गेली. नेत्रदानाचं ती स्वतःच सांगून ठेवायची, आणि केंद्राचा नंबर तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिला होता. दर वर्षी नवीन कॅलेंडर आलं की नंबर पहिल्यांदा त्यावर उतरायचा.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन केला. बाहेर धो धो पाऊस. इतक्या पहाटे कोण उचलणार असं वाटलं होतं, पण उचलला, आणि पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "दादा, घरात सोबत कोण आहे तुमच्या?" मग वेळ, आजार, औषधं. आईला मधुमेह होता, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मला वाटलं आता नको म्हणतील. त्या म्हणाल्या, यातलं काहीच आड येत नाही, चष्मासुद्धा नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असं काही असेल तर मात्र घेता येत नाही. लगेच करायच्या गोष्टी सांगितल्या: पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली दोन उशा घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांना मृत्यूच्या दाखल्यासाठी बोलावून ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं.

पावणेसहाला दोघंजण आली. एक डॉक्टर मुलगी, एक तंत्रज्ञ. चपला बाहेर काढून, रेनकोट पडवीत टांगून, आधी आईला हात जोडले. हे मी मुद्दाम लिहितोय. सहीसाठी कागद पुढे करण्याआधी त्यांनी हे केलं, आणि त्या एका गोष्टीने घर शांत झालं.

आत्या मात्र शांत नव्हती. "पुढच्या जन्मी आंधळी येईल ती," म्हणत दारातच उभी राहिली. डॉक्टर मुलीने वाद घातला नाही. तिने सांगितलं, "आजी, पूर्ण डोळा काढत नाही आम्ही. पुढची काचेसारखी चकती तेवढी घेतो. नंतर तुम्ही स्वतः बघा." पंचवीस मिनिटं लागली. रक्ताचा नमुना घेतला, दादाची आणि दोन साक्षीदारांची सही घेतली, पैशाचा विषयच नाही. आत्या मग आत गेली, आईच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "झोपलेय."

आता माझ्या धंद्याचं. मासा ताजा की शिळा हे आम्ही डोळ्यावरून ओळखतो. ताज्या बांगड्याचा डोळा लख्ख, फुगीर. शिळ्याचा दुधी, आत बसलेला. हे का होतं ते मला त्या पहाटे त्या तंत्रज्ञाने सांगितलं. बुबुळाच्या, म्हणजे त्या काचेसारख्या चकतीच्या, आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो, तो सतत पाणी बाहेर उपसत असतो. त्या पेशी मेल्या की पाणी आत भरतं आणि पारदर्शक पडदा दुधी होतो. माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून घाई, म्हणून ओला कापूस, म्हणून थंडावा. चकती गुलाबी द्रावणाच्या छोट्या बाटलीत जाते. मॅककॅरी आणि कॉफमन या दोघांनी १९७४ साली हे द्रावण काढलं, त्यांच्या आद्याक्षरांवरून एमके म्हणतात. साधारण चार अंशांवर त्यात बुबुळ चार दिवस टिकतं. याहून महाग द्रावणात चौदा दिवसांपर्यंत.

आणि इथेच माझा अर्धा गुण गेला. त्यांच्या डब्यात जेलच्या पिशव्या होत्या, बाटली मध्ये नीट उभी होती, सगळं छान. पण बाहेरून तापमान दिसेल असं काहीच नव्हतं. झाकण उघडल्याशिवाय आत दोन अंश आहेत की बारा हे कळायला मार्ग नाही, आणि उघडलं की गारवा गेला. बुबुळ गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया. आम्ही कोळंबीच्या डब्याला वायरचा थर्मामीटर लावतो, काटा बाहेर ठेवतो. मी त्यांना आमच्याकडचा एक देऊ केला. तो घेता येत नाही, नियमाचं प्रमाणित उपकरण लागतं, हेही बरोबरच. पण मग ते प्रमाणित उपकरण प्रत्येक डब्याला हवं. मी लेखी कळवलंय.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोन्ही बुबुळं वापरली गेली, दोन वेगवेगळ्या माणसांना. नावं सांगत नाहीत, सांगूही नयेत.

डोळ्यांची ही सेवा एवढी चांगली असल्यामुळेच दुसरी गोष्ट जास्त सलते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, धाकटा भाऊ, वय २६, हातखंब्याजवळ मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार. एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू संपलाय, हृदय मशिनमुळे चाललंय. त्या तांडेलाने, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने, स्वतः विचारलं, "मग ह्याची किडनी कुणाला देता येईल काय?" उत्तर मिळालं, आमच्याकडे ती सोय नाही. संध्याकाळी हृदय थांबलं. डोळ्यांचंही कुणी विचारलं नाही.

डोळे घरी, हृदय थांबल्यावरही देता येतात. किडनी, यकृत, हृदय यांचं तसं नाही. त्यासाठी बहुतेक वेळा अतिदक्षता विभागातच, मेंदूमृत्यू रीतसर जाहीर व्हावा लागतो: चार डॉक्टर, दोन तपासण्या, त्यांत किमान सहा तासांचं अंतर. न्यूरोसर्जन नाही म्हणून अडायला नको, कारण १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि तो नसेल तिथे सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ चालतात. त्याच दुरुस्तीने नातेवाइकांना विचारणं रुग्णालयावर बंधनकारक केलं. प्रत्यारोपण जिथे होत नाही अशा रुग्णालयालाही फक्त अवयव काढण्यापुरती नोंदणी घेता येते. आमच्या बाजूला देणारी माणसं आहेत, हे मी त्या तांडेलाकडे बघून सांगतो. नसतो तो विचारणारा समन्वयक आणि नोंदणी केलेलं ऑपरेशन थिएटर. बंपर मासळी लागावी आणि बंदरात बर्फ नसावा, तसं.

इथून अवयव देता येत नाहीत याला अंतराचं कारण मला अनेकांनी सांगितलं. ते मी माझ्या पद्धतीने तपासलं. काढलेला अवयव थंड द्रावणाने धुऊन, एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ अवयवाला थेट लागू देत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं चार ते सहा तास टिकतात, यकृत आठ ते बारा, किडनी चोवीस तासांहून जास्त. मुंबई इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आत, आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे एकशे तीस. रस्त्याने हृदय मुंबईला पोचणार नाही, मान्य. किडनी मात्र पावसातही आरामात पोचेल. आमची सुरमई रोज रात्री जाते त्याच रस्त्याने.

थंडी हाच माझा धंदा, म्हणून पुढचंही वाचून काढलं. घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश गोठवलेली सुरमई वितळली की पाणी सोडते, तुकडा सैल पडतो. आत बर्फाचे स्फटिक वाढून पेशी फोडतात. किडनी गोठवून ठेवता येत नाही ती याचसाठी. बेल्झर आणि साउदर्ड यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात द्रावण तयार केलं, त्याने थंडीत पेशी फुगणं रोखलं, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी यकृत काही तासांऐवजी अर्धा दिवस, कधी जास्तही टिकू लागलं. २०१९ साली बॉस्टनमध्ये मानवी यकृत उणे चार अंशांवर न गोठवता ठेवून मुदत २७ तासांनी वाढवली, पण ती यकृतं कुणाला बसवलेली नव्हती. २०२३ साली मिनेसोटात उंदरांच्या किडन्या काचेसारख्या थिजवून शंभर दिवसांपर्यंत ठेवल्या, लोहकणांच्या मदतीने सगळीकडून एकसारख्या तापवल्या आणि पाच उंदरांना बसवल्या. त्या चालल्या. हे माणसापर्यंत आलं तर रत्नागिरी आणि मुंबईतलं अंतर हा प्रश्नच उरणार नाही. पण किडनीपुरता तो आजही नाही.

आईनंतर मी नोटोच्या, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, संकेतस्थळावर नोंदणी केली. आधारचा ओटीपी येतो, कोणते अवयव द्यायचे ते निवडायचं, प्रमाणपत्र मिळतं. दहा मिनिटांचं काम. फक्त हे प्रमाणपत्र कपाटात ठेवून उपयोग नाही, कारण त्या वेळी संमती घरच्यांचीच लागते. बायकोला आणि दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं. धाकटी रडली, मग म्हणाली, "बाबा, आजीचा नंबर होता तसा लिहून ठेवा."

फॅक्टरीत लादीच्या दराचा फलक आहे, रोज शंभरेक माणसं तो वाचतात. नारळी पौर्णिमेला बोटी सुटायच्या आधी त्याच्या खाली दोन नंबर रंगवून घेतले: आईच्या कॅलेंडरवरचा, आणि नोटोचा १८०० ११ ४७७०. तांडेल आला होता तेव्हा बराच वेळ वाचत उभा होता. त्या रुग्णालयाला अवयव काढण्याच्या नोंदणीसाठी अर्ज करा असं पत्र आम्ही दोघांच्या सहीने दिलंय. पोच मिळाली आहे, उत्तर यायचंय. आलं की इथेच लिहीन.